आवडूचा हात

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते भाटवळला कुणी सांगत नाही, कारण मोजायला बसलं की म्हाताऱ्यांचं भांडण होतं. एवढं मात्र सगळे सांगतात की तेव्हा गावाला रस्ता नव्हता. खाडी हाच रस्ता, होडी हीच गाडी, आणि खाडीच्या दोन्ही काठांना माडच माड. इतके दाट की भर दुपारीसुद्धा वाळूवर सावलीची जाळी पडलेली असायची.

त्या माडांवर गाव जगायचं. पुरुष सकाळ-संध्याकाळ माडावर चढून माडी काढायचे, नारळ पाडायचे. जिथे माणसं रोज झाडावर चढतात, तिथे ती झाडावरून पडतातही. वर्षाला एक तरी पडायचाच. काही जागच्या जागी जायचे. जे वाचायचे त्यांना घरात एक कोपरा मिळायचा, अंथरूण मिळायचं, वेळेवर पेज मिळायची, आणि ते उरलेला जन्म तिथेच काढायचे. असा कोपरा दर चार घरांआड एका घरी होता. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. पडला, वाचला, आता निजून असतो, एवढंच लोक म्हणायचे.

त्या गावात आवडू नावाची एक मुलगी होती. आईबाप पटकीच्या साथीत गेले, आणि मागे ती आणि तिचा थोरला भाऊ रवळू, अशी दोघंच उरली. रवळू माडावर चढायचा, आवडू काथ्या वळायची. असं म्हणतात की रवळूसारखा चढणारा त्या खाडीवर पुन्हा झाला नाही. तो वर गेला की माडाला कळायचंसुद्धा नाही.

आणि तोच एक दिवस पडला. मांडीचं हाड मोडलं.

खाडीपलीकडे पेद्रू नावाचा हाडवैद्य राहायचा. त्याला होडीतून आणला. त्याने हाड ओढून जागेवर बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि जाताना आवडूला काहीतरी सांगून गेला. काय सांगून गेला ते पुढे येईल.

आवडूने भावाची सेवा केली, ती कशी केली ते आजही गावात सांगतात. त्याच्या अंगावर माशी बसू दिली नाही. घास भरवला, अंग पुसलं, उशाशी बसून रात्री जागवल्या. महिने गेले, कामट्या सुटल्या. रवळू कधी उठून बसायला बघायचा, गुडघा जरा वाकवायला बघायचा, पण मांडीतून अशी कळ यायची की तो ओरडायचा. तो ओरडला की आवडूच्या काळजाचं पाणी व्हायचं. ती धावत यायची, त्याला धरून परत निजवायची आणि म्हणायची, "रवांदे रवळू. उद्या बघूया."

उद्या व्हायचा, परवा व्हायचा. अशी दोन वर्षं गेली. त्याची मांडी वाळून मनगटाएवढी झाली. गुडघा सुक्या लाकडासारखा ताठला. पाठीला जखमा झाल्या, त्या भरेनात. शेवटी ताप आला. जायच्या दिवशी त्याने बहिणीचा हात धरला आणि म्हणाला, "आवडू, तू माका खूप जपलंस गो."

तो गेला. आवडू रडली नाही, असं म्हणतात. बाराव्या दिवसापर्यंत तिने अन्न घेतलं नाही.

बाराव्याला पेद्रू होडीने आला. ओटीवर टेकला. मग म्हणाला, "हाड जुळला होता गो. मी तुका सांगलेलंय, दोन अवसा झाल्यार पाय हलवूक लाव. तू लावलंस काय?"

आवडू म्हणाली, "तेका दुखायचा. माका बघवायचा नाय."

पेद्रू तिला रागावला नाही. तो उठला, पायरीपर्यंत गेला, आणि तिथून मागे न बघता म्हणाला, "हाड जोडूचा काम माजा. चलवूचा काम कोणाचा?"

त्या दिवसापासून आवडू खाडीच्या काठी जाऊन बसू लागली. लोकांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. ती बसून एका बैलाकडे बघत असायची. शेजारच्या वाडीतला तो बैल, पुढचा एक पाय सुजलेला. जमिनीवर तो पाय टेकवत नसे. पण भरती आली की तो खाडीत शिरायचा, पोटापर्यंत पाण्यात जायचा, आणि तिथे चारी पायांवर चालायचा. आवडू रोज बघत होती. पाणी खाली गेलं की बैल लंगडायचा. पाणी वर आलं की चालायचा. पंधरवड्याने तो पाय जमिनीवरही टेकायला लागला.

मग आवडूने जे केलं त्यावर आज कुणाचा विश्वास बसणार नाही. असं म्हणतात की तिने स्वतःचा उजवा गुडघा कामट्यांनी ताठ बांधून घेतला आणि सव्वा महिना सोडला नाही. सरपटत चूल पेटवली, सरपटत पाणी आणलं. सव्वा महिन्याने कामट्या सोडल्या तेव्हा तिचा पाय तिचा राहिला नव्हता. वाकवू गेली तर डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हा तिला कळलं, भाऊ का ओरडायचा.

ती तसाच पाय ओढत खाडीत गेली. गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि वाकवत राहिली. रोज भरतीला जायची. आठ दिवसांनी छातीएवढ्या पाण्यात, मग कमरेएवढ्या, मग गुडघ्याएवढ्या. पाण्याने जेवढं वजन उचललं होतं तेवढं ती थोडं थोडं परत आपल्या पायावर घेत गेली. आणि या सगळ्या दिवसांत तिने आपल्या दुखण्याची ओळख करून घेतली. तिला कळलं की कळ एक नसते, दोन असतात. एक ताणते. ती ताणते तेव्हा निजलेलं मांस जागं होत असतं, तिला घाबरायचं नाही. दुसरी टोचते. ती टोचली की तिथेच थांबायचं, एक बोटभरही पुढे जायचं नाही.

ज्या दिवशी ती कोरड्या वाळूवर सरळ चालली, त्या दिवशी ती वाळूत बसली आणि मग रडली. रवळू गेल्यावर पहिल्यांदा.

पण गावाला याचं काय? गावाला एवढंच ठाऊक होतं की हिच्या हाताखाली हिचा भाऊ गेला.

दोन वर्षांनी गुणाजी पडला. गुणाजी तिशीचा, नवं लग्न झालेला, अंगाने दांडगा. त्याचंही मांडीचंच हाड. पेद्रू आला, हाड बसवलं, दोन अमावास्यांनी कामट्या सोडल्या आणि हाड जुळलं म्हणाला. गुणाजीची बायको सरसू. तिने त्याच्यासाठी कोपऱ्यात नवं अंथरूण घातलं होतं. आवडूने ते दारातूनच बघितलं.

ती आत गेली आणि म्हणाली, "सरसू, तेका माज्याकडे दी. मी तेका चलवतंय."

सरसू उसळली. "तुज्या हातात तुजो भाव मेलो. माजो घोव तुका कसो देऊ?"

आवडू तशीच उभी राहिली. म्हणाली, "म्हणानच दी. ता कसा होता ता माका म्हायत आसा. तुका नाय."

सरसूने तिला घालवून दिलं. पण त्या रात्री आणि त्याच्या पुढच्या रात्री ती गुणाजीच्या वाळत चाललेल्या मांडीकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतः आवडूच्या दारात आली. आवडू तिच्याबरोबर निघाली.

पहिलं काम तिने केलं ते सरसूला घराबाहेर काढायचं. म्हणाली, "तू रव नको हय. तुजा काळीज मऊ. माजा पण होता."

गुणाजी भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो म्हणाला, "माका हात लावू नको. मोडात परत."

"मी हात लावणय नाय," आवडू म्हणाली. "तूच आंगठो हलय. बाकी काय नको. फक्त आंगठो."

एवढा दांडगा माणूस, पण आंगठा हलवायला त्याला घाम फुटला. हलला. आवडू म्हणाली, "झाला. उद्या येतंय." आणि खरंच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आंगठा आणि घोटा. तिसऱ्या दिवशी तिने मीठ आणि वाळू तव्यावर भाजून पुरचुंडी बांधली आणि मांडी शेकली. मग पोफळीची विरी आणली. पोफळीच्या झावळीचा रुंद गुळगुळीत देठ गळून पडतो, ती विरी. तिला खोबरेल लावलं, गुणाजीच्या टाचेखाली ठेवली आणि म्हणाली, "टाच सरकय. तुज्याकडे आण."

टाच बोटभर सरकली आणि गुणाजी असा ओरडला की पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकली.

"कसा दुखता?" आवडूने विचारलं. "ताणता काय टोचता?"

तो शिव्या देत होता. ती तेच विचारत राहिली. शेवटी तो दात-ओठ खाऊन म्हणाला, "ताणता."

"मग सरकय. टोचला की सांग, मी विरी काढतंय."

रोज असं. आज बोटभर, उद्या दोन बोटं. रोज गुणाजीच्या किंकाळ्या. मग आवडू आणि सरसू त्याला डोलीत घालून खाडीवर नेऊ लागल्या. गळ्याएवढ्या पाण्यात आवडू त्याला धरून उभी राहायची आणि तो पाऊल टाकायचा. पोरं काठावरून बघून पळून जायची. म्हातारी माणसं म्हणायची, देवाने पाडला आणि ही छळते. बोलणं वाढत वाढत गावकाराच्या कानावर गेलं. गावकार म्हणजे गावचा प्रमुख, त्याचा शब्द शेवटचा.

खाडीच्या काठावर देऊळ आहे, पायऱ्या सरळ पाण्यात उतरतात. तिथे गाव जमलं. गावकाराने विचारलं, "आवडू, गाव म्हणता तू गुणाजीचे हाल करतस. माणूस बोंबलता, पोरां भियेतत. खरा?"

आवडू म्हणाली, "खरा, गावकारानू."

"मग?"

ती हळू बोलली, पण शेवटच्या पायरीवरच्या माणसालाही ऐकू गेलं. "रवळूक मी कधी रडूक दिलंय नाय. तो वराडलो की मी तेका निजवलंय. तुमी सगळ्यांनी माका बरी म्हटलास. तो निजलो तो निजलोच."

आपापल्या घरचे कोपरे लोकांना आठवले असतील. गावकारालाही आठवला असेल, कारण त्याचा धाकटा मुलगा सहा वर्षं अंथरुणावर होता. गावकार म्हणाला, "पुनवेपर्यंत. पुनवेक गुणाजी आपल्या पायान या देवळात येवंक होयो. नायतर तू परत कोणाक हात लावचस नाय."

चैत्राची पुनव अठरा दिवसांवर होती.

आता इथे आवडूचं चुकलं, आणि भाटवळचे लोक ते लपवत नाहीत. अठरा दिवस तिच्या मानगुटीवर बसले. जे छातीएवढ्या पाण्यात करायचं ते तिने कमरेएवढ्या पाण्यात करायला लावलं. गुणाजी म्हणाला, टोचतं. ती म्हणाली, अजून एक पाऊल. त्या पावलाला गुडघा पिळवटला. संध्याकाळपर्यंत भोपळ्याएवढा सुजला.

आवडू सरसूकडे गेली, दारातच खाली बसली आणि म्हणाली, "चूक माजी. तो सांगी होतो, मी आयकलंय नाय. चार दिस तेका निजांदे."

सरसूला वाटलं असतं तर ती तेव्हा दार लावू शकली असती. तिने पाटाखालून गुळाचा खडा काढला, पाणी दिलं आणि म्हणाली, "चार दिसांनी ये."

चार दिवस गेले. पुन्हा आंगठ्यापासून सुरुवात. पुनव आली तेव्हा गुणाजी पाण्यात चालत होता, पण वाळूवर उभा राहिला की पाय थरथरायचा.

पुनवेच्या दिवशी आमच्याकडे भरती ऐन दुपारी येते. पाणी देवळाच्या वरच्या पायऱ्यांना लागलं होतं. गाव जमलं. आवडू एकटीच आली. हात जोडून म्हणाली, "गावकारानू, गुणाजी चलूक नाय. मी घाय केलंय, ती माका बाधली. अजून पंधरा दिस होये."

गावकार मान हलवत म्हणाला, "शब्द तो शब्द."

आवडूने मान खाली घातली. आणि तेवढ्यात काठावरची एक बाई ओरडली.

असं म्हणतात की पाण्यावर नुसतं एक डोकं चालत येत होतं. होडी नाही, पोहणारे हात नाहीत, नुसतं डोकं, संथ, एका चालीने. माडांच्या सावलीतून उन्हात आलं तेव्हा लोकांनी ओळखलं. गुणाजी. घरामागच्या बांधावरून तो बसत-सरकत खाडीत उतरला होता आणि गळ्याएवढ्या पाण्यातून तळाच्या वाळूवर पाय रोवत, काठाकाठाने, अर्धा कोस चालत आला होता. एकटा. सरसू काठावरून बरोबर चालत होती, पण तिने हात दिला नव्हता.

तो देवळापाशी आला. पहिली पायरी चढला, खांदे दिसले. दुसरी चढला, छाती दिसली. पाणी त्याच्या अंगावरून उतरत होतं आणि दर पायरीला त्याचं वजन त्याच्याकडे परत येत होतं, ते लोकांना त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कंबर. मांड्या, एक जाड, एक बारीक. असं म्हणतात की तेवढा वेळ लाट उठली नाही, माडाचं पातं हललं नाही, आणि ओहोटीची वेळ होऊन गेली तरी पाणी त्याच्या गुडघ्याखाली उतरलं नाही. शेवटची कोरडी पायरी राहिली तेव्हा पाय थरथरायला लागला. गुणाजी तिथेच पाण्यात बसला आणि वर बघून म्हणाला, "गावकारानू, उरलेली पायरी पंधरा दिसांनी चढतंय."

गावकार काय बोलला ते कुणी सांगत नाही. तो खाली उतरला, धोतरासकट पाण्यात गुणाजीच्या शेजारी बसला, एवढंच सांगतात. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या धाकट्या मुलाच्या दारात आवडू उभी होती.

पंधरा दिवसांनी गुणाजी ती कोरडी पायरी चढला आणि आवडूने गावभर गूळ वाटला. त्यानंतर आवडूचं नाव खाडीभर झालं. होड्या भरून माणसं यायला लागली. पेद्रू हाडं जोडायचा आणि होडी आवडूकडे वळवायचा. ताजी मोडतोड घेऊन कुणी थेट आलं तर ती हात लावत नसे, आधी पेद्रूकडे पाठवायची. अर्ध्या अंगावरून वारं गेलेले आले. खांदा आखडून स्वतःची वेणी घालता येत नाही अशी एक सोनारीण आली, ती तीन महिन्यांनी आवडूसमोर बसून वेणी घालून परत गेली. असं म्हणतात की आवडूने नुसतं पाठीवरून बोट फिरवलं की दुखणं कुठे दडलंय ते तिला कळायचं, आणि तिने हाक मारली की ओहोटी घटकाभर थांबायची.

पण सगळे चालले, असं नाही. गावकाराचा मुलगा कधी चालला नाही. सहा वर्षं फार होती. तो उठून बसायला शिकला आणि आपल्या हाताने जेवायला शिकला. ज्या दिवशी त्याने पहिला घास स्वतः तोंडात घातला, त्या दिवशी आवडूने गुणाजीसाठी वाटला होता तेवढाच गूळ त्याच्यासाठी वाटला. कुणी विचारलं, एवढ्याशा गोष्टीसाठी? तर ती त्याच्या आईकडे बोट दाखवून म्हणाली, "तेच्या आवशीक इचारा एवडीशी काय ता."

आवडूने लग्न केलं नाही. तिचे केस पिकले, लोक तिला आवडूमाय म्हणायला लागले. तिच्या जाण्याच्या दोन गोष्टी सांगतात. एक अशी, की ती म्हातारी होऊन आपल्या चटईवर गेली आणि सरसू उशाशी होती. दुसरी अशी, की एका चैत्रात तिने एका खलाशाला पाण्यातून काठापर्यंत चालवलं, त्याला म्हणाली, "जा, आता तुजो तू," आणि स्वतः पाठ फिरवून ओहोटीबरोबर खाडीच्या मुखाकडे चालत गेली. कंबर, छाती, गळा. आणि मग नुसतं पाणी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, असं भाटवळचे लोक म्हणतात, आणि त्यावर मात्र भांडत नाहीत.

आता गावाला रस्ता आहे. तालुक्याच्या दवाखान्यात हाडं जोडणारे डॉक्टर आहेत, व्यायाम शिकवणाऱ्या ताई आहेत. त्या कागदावर चित्रं काढून देतात, कोणता व्यायाम किती वेळा ते. तरी चैत्री पुनवेला ऐन दुपारी, भरतीच्या वेळी, त्या वर्षी अंथरुणातून उठलेला जो-तो देवळाच्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरतो आणि परत वर येतो. देवाला नारळ नंतर, आधी हे.

आणि दुसरी एक रीत आहे, ती वर्षभर चालते. भाटवळला कुणाचं प्लास्टर निघालं, कुणाचा गुडघा बदलला, कुणाचा हात लुळा पडला, की त्याचा व्यायाम घरचं माणूस घेत नाही. रक्ताच्या नात्यातलं नाही, नवरा-बायको नाही. शेजारचं कुणीतरी येतं, रोज, ठरल्या वेळेला, आणि तो कागद हातात धरून पुरा होईपर्यंत हलत नाही. घरचे बाहेर ओटीवर बसतात. आतून ओरडणं आलं तरी कुणी उठत नाही. या कामाला गावात 'आवडूचा हात' म्हणतात. त्याचे पैसे घेत नाहीत. ज्याला त्या हाताने उठवलं, त्याने पुढच्या निजलेल्या माणसाच्या घरी जायचं, एवढाच नेम.

सध्या तो हात वरच्या वाडीतल्या पोस्टमन सगुणकडे आहे. मागल्या पावसात मोटरसायकलवरून पडून त्याचं कोपर मोडलं होतं. तो रोज सकाळी सात वाजता, टपालाची पिशवी दारात टेकवून, मासे विकणाऱ्या फातिमाबीच्या घरात शिरतो. तिचा गुडघा अजून पुरता वाकत नाही. ती त्याला तोंडभर शिव्या देते. तो ऐकून घेतो, आणि कागदावरचं पुढचं चित्र तिच्यासमोर धरतो.